मोटर बंद असताना २२८ व्होल्ट, बटण दाबले की १५०: मधला दाब जातो कुठे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घराच्या मीटरपासून विहिरीवरच्या पॅनेलपर्यंत सुमारे १८० मीटर अंतर आहे आणि तेथवर २.५ चौरस मिलिमीटरची, तांब्याच्या दोन तारांची लवचिक केबल नेलेली आहे. मोटर दीड हॉर्सपॉवरची, सिंगल फेज, सबमर्सिबल. मोटर बंद असताना मीटरपाशी २२८ व्होल्ट येतात आणि पॅनेलवरही २२८ च येतात. पण बटण दाबले की पॅनेलवरचा आकडा १५० च्या आसपास उतरतो, मोटर गुरगुरते आणि काही सेकंदांत ओव्हरलोड (जास्त करंट गेला की मोटर तोडणारा रिले) पडतो. वायरमनने तपासून सांगितले की दाब पूर्ण आहे, मोटर जळली, रिवाइंडिंगला द्या. यावर आपली शंका अशी, की एकसर जोडणीत व्होल्टेज वाटले जाते असे शाळेत शिकवले होते. मग येथे मोटर एकटीच असताना ते वाटले जाते कोणाकोणात, मोटर बंद असताना ते का वाटले जात नाही, आणि वाटेत व्होल्टेज कमी होते म्हणजे करंटही वाटेत संपत जातो काय.

मोटर गेली की वायर, हा निवाडा नंतर करू. त्याआधी हे पाहिले पाहिजे, की मोटर बंद असताना घेतलेल्या रीडिंगवरून वायरविषयी काही सांगता येते का. माझ्या मते जवळजवळ काहीच सांगता येत नाही. मोटर खरोखरच गेली असेल ही शक्यता मी नाकारत नाही, परंतु आपण दिलेल्या आकड्यांवरून ती सिद्ध होत नाही. शेतीपंप आणि लांब अंतराच्या वायरिंगच्या कामांत अशा गुरगुरणाऱ्या मोटरी नेहमीच समोर येतात, आणि त्यांतल्या पुष्कळ मोटरी वर काढून पाहिल्यावर वेटोळी शाबूत निघतात. त्यांना सुरू होण्यापुरता दाबच पोहोचत नसतो. मोटर वर काढण्याचा खर्च आणि त्रास ज्याने सोसला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्याकडे एकसर जोडणी कुठे आहे ते पाहू. आकृतीत तारेची नुसती रेघ काढलेली असते आणि त्या रेघेला रोध नाही असे आपण न बोलता धरून चालतो, म्हणून मोटर एकटी दिसते. शेतात मात्र ती रेघ १८० मीटर जाते आणि तेवढीच परत येते, म्हणजे करंटला एका फेरीत ३६० मीटर तांबे ओलांडावे लागते. २.५ चौरस मिलिमीटरच्या लवचिक तारेचा रोध २० अंश सेल्सियस तापमानाला किलोमीटरमागे साधारण ८ ओहम असतो. त्या हिशेबाने आपल्या फेरीचा रोध २.९ ओहम झाला. केबल उन्हात तापली की तो आणखी वाढतो, कारण तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढत जातो. मेन स्विच, किटकॅट फ्यूज, जाणारी तार, तिच्यातले जोड, पॅनेल, पॅनेलपासून खाली मोटरपर्यंत उतरलेली चपटी केबल, मोटरचे वेटोळे आणि परतीची तार ही सगळी एकामागून एक लागलेली आहेत आणि करंटला दुसरी वाट नाही. एकसर जोडणी म्हणजे एवढेच.

दुसरी वाट नसल्यामुळे करंटविषयीच्या शंकेचे उत्तरही लगेच मिळते. जितका करंट मीटरपाशी निघाला तितकाच पॅनेलवर पोहोचतो आणि तितकाच न्यूट्रलने परत येतो. टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारे साधन) मीटरजवळच्या एका तारेवर लावा किंवा विहिरीजवळच्या तारेवर लावा, एकाच क्षणी घेतलेले दोन्ही आकडे सारखे येतील. ते सारखे आले नाहीत, तर वाटेत कुठेतरी गळती आहे किंवा मधूनच कोणी कनेक्शन घेतले आहे, आणि तो वेगळा तपास आहे. वाटेत कमी होते ते व्होल्टेज, कारण तोच करंट प्रत्येक तुकड्यातून ढकलण्यासाठी त्या त्या तुकड्याच्या रोधाप्रमाणे दाब खर्ची पडतो. जेवढा रोध जास्त तेवढा त्याचा वाटा मोठा, आणि सगळ्यांच्या वाट्यांची बेरीज पुरवठ्याइतकी.

हा वाटा समसमान नसतो, ही गोष्ट पुस्तकातून निसटते, कारण तेथे उदाहरणाला बहुधा सारखेच दोन बल्ब घेतलेले असतात. जुने तारेचे दोन बल्ब, एक १०० वॅटचा आणि एक ४० वॅटचा, एकसर लावून २३० व्होल्टवर जोडा. १०० वॅटच्या बल्बचा रोध पूर्ण पेटलेला असताना ५२९ ओहम आणि ४० वॅटच्या बल्बचा सुमारे १,३२२ ओहम धरला तर १०० च्या वाट्याला ६६ व्होल्ट येतात आणि ४० च्या वाट्याला १६४. प्रत्यक्षात ही विषमता आणखी वाढते, कारण १०० वॅटची तार पुरेशी तापत नाही आणि थंड तारेचा रोध फारच कमी असतो. परिणामी ४० वॅटचा बल्ब चांगला पेटतो आणि १०० वॅटचा जेमतेम लालसर होतो. आयटीआयच्या मुलांना आधी अंदाज करायला सांगून मग हा प्रयोग दाखवला, तर बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. एलईडी बल्ब घेऊन मात्र हा प्रयोग करू नये. त्यांच्या आत ड्रायव्हर असतो, ते साध्या रोधासारखे वागत नाहीत आणि नुसते लुकलुकत राहतात.

आता मोटर बंद असताना वाटणी का होत नाही ते पाहू. तुकड्याचा वाटा म्हणजे करंट गुणिले रोध. करंट शून्य असेल तर २.९ ओहमच्या तारेचा वाटा शून्य, सडलेल्या जोडाचा वाटा शून्य आणि केसाएवढ्या बारीक तारेचाही वाटा शून्य. पाइपलाइनच्या टोकाचा व्हॉल्व्ह बंद असताना तेथे लावलेला गेज पूर्ण दाब दाखवतो, मग पाइप चार इंची असो, अर्धा इंची असो की गाळाने निम्मा बुजलेला असो. व्हॉल्व्ह उघडल्यावरच पाइपाची लायकी कळते. आपल्या वायरमनने मोजले ते बंद व्हॉल्व्हवर मोजले. त्याचा आकडा खोटा नव्हता, पण ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते त्या प्रश्नाचा तो आकडा नव्हता.

मग करंट नसताना ते २२८ व्होल्ट असतात कुठे? सगळेच्या सगळे त्या एका जागी असतात, जेथे वाट तुटलेली आहे. बंद स्विचच्या दोन टोकांमध्ये, उडालेल्या फ्यूजच्या दोन टोकांमध्ये किंवा तुटलेल्या तारेच्या दोन टोकांमध्ये मीटर लावला तर पुरवठ्याचा पूर्ण दाब दिसतो. दिवाळीला लावायच्या जुन्या माळेत बारीक बल्ब एकसर असतात आणि पेटलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सहा व्होल्टच येतात. म्हणून पुष्कळांचा समज असा असतो की त्या माळेत शॉक बसण्यासारखे काही नाही. त्यांतला एक बल्ब गेला की माळ विझते आणि त्या रिकाम्या होल्डरच्या दोन पत्र्यांमध्ये सगळे २३० व्होल्ट येऊन बसतात. विझलेली माळ चालू स्विचवर चाचपणाऱ्या मुलाला हे सांगून ठेवलेले बरे.

येथे तपासणीच्या साधनांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक घोटाळे तेथेच होतात. मल्टिमीटर लावला की तोही त्या एकसर साखळीतला एक तुकडा होतो आणि डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारणपणे १ कोटी ओहम असतो. समजा एखाद्या जोडावर काजळी धरून त्याचा रोध १०,००० ओहम झाला आहे. एवढ्या रोधातून मोटर तर सोडाच, शून्याचा बल्बही नीट पेटणार नाही. पण १०,००० ओहम आणि १ कोटी ओहम यांच्यात २२८ व्होल्टची वाटणी झाली की जोडाच्या वाट्याला पाव व्होल्टही येत नाही आणि मीटर मोठ्या दिमाखात जवळजवळ २२८ दाखवतो. खिशातल्या टेस्टरची गोष्ट याहून पुढची आहे. त्यात निऑनच्या दिव्याला एकसर काही लाख ओहमचा रोध मुद्दामच घातलेला असतो, म्हणजे दाबाचा मोठा वाटा तो घेतो आणि आपल्या शरीरातून मिलिअँपिअरच्या अंशाएवढाच करंट जातो. त्यामुळे टेस्टर पेटला याचा अर्थ फेज कशीबशी तेथवर आली आहे, एवढाच होतो. ती फेज मोटर ओढू शकेल की नाही, याविषयी टेस्टर काही बोलत नाही, आणि न्यूट्रलविषयी तर त्याहून नाही.

काही अनुभवी वायरमन अशा वेळी १०० वॅटचा बल्ब लावून पाहतात. ही पद्धत चांगली आहे, पण तिलाही मर्यादा आहे. बल्ब घेतो ०.४३ अँपिअर, आपल्या २.९ ओहमच्या तारेत त्याने सव्वा व्होल्ट पडेल आणि बल्ब लख्ख पेटेल. पूर्ण सडलेला जोड बल्बने पकडला जातो, पण अपुऱ्या जाडीची तार किंवा दोन-तीन ओहमचा ढिला जोड पकडला जात नाही. मोटरची तपासणी मोटरच्या करंटवरच करावी लागते.

तो करंट किती, ते आता पाहू. दीड हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर चालू असताना साधारण ९ ते १० अँपिअर घेते, परंतु सुरू होण्याच्या क्षणी, रोटर थांबलेला असताना, याच्या चार-पाच पट मागते. नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यावरून घ्यावा; मी ४० अँपिअर धरतो. म्हणजे थांबलेली मोटर २३० व्होल्टच्या पुरवठ्याला साधारण पावणेसहा ओहमची वाटते. तिच्यासोबत २.९ ओहमची तार एकसर आहे, म्हणजे एकूण ८.६५ ओहम. २२८ व्होल्टमध्ये सुमारे २६ अँपिअर वाहतील, त्यातले ७६ व्होल्ट तारेच्या वाट्याला जातील आणि मोटरच्या हाती १५२ राहतील. आपण कळवलेला १५० हा आकडा याच्या इतका जवळ आहे की माझा पहिला संशय मोटरवर नसून तारेच्या जाडीवर आहे.

१५२ व्होल्ट म्हणजे दोन तृतीयांश दाब, म्हणून मोटर दोन तृतीयांश जोर लावेल असे वाटते. तसे होत नाही. इंडक्शन मोटरचा सुरुवातीचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे तो ४४ टक्क्यांवर येतो. पंप नवा असेल, हलका फिरत असेल आणि स्टार्ट कॅपॅसिटर दमदार असेल तर एवढ्यावरही तो कधीकधी सुटतो. इम्पेलरमध्ये थोडी वाळू अडकली, बुश घासू लागला किंवा कॅपॅसिटर उतरला की सुटत नाही. "मागच्या वर्षापर्यंत याच वायरवर चालत होती" असे आपण म्हणालात, ते याच्याशी विसंगत नाही. काठावर चालणारी व्यवस्था होती, ती काठावरून पलीकडे गेली. पलीकडे कशाने ढकलली, हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते घरी बसून सांगता येणार नाही.

एक खुलासा हिशेब तपासणाऱ्यांसाठी. वरची बेरीज मी सरळ केली आहे. एसी पुरवठ्यात ती तशी होत नाही. तारेचा रोध निव्वळ रोध असतो, तर मोटरमध्ये वेटोळ्याचा प्रेरक गुणही असतो, त्यामुळे दोघांवरचे व्होल्टेज एकाच क्षणी शिखर गाठत नाहीत. म्हणून तारेवरचे आणि मोटरवरचे व्होल्टेज वेगवेगळे मोजून बेरीज केली तर ती २२८ पेक्षा दहा-पंधरा व्होल्टनी जास्त येऊ शकते, आणि मोटरवरचा आकडाही सरळ हिशेबापेक्षा थोडा वर असतो. मीटर बिघडला आहे असे समजू नये. याच गोष्टीचा ठळक नमुना आपल्या पॅनेलमध्येच आहे: पुरवठा २३० व्होल्टचा असताना रन कॅपॅसिटरवर ४४० व्होल्ट छापलेले असते, कारण तो एका वेटोळ्याशी एकसर असतो आणि चालत्या मोटरीत त्याच्या दोन टोकांमधला दाब पुरवठ्याहून बराच वर जातो. डीसीमध्ये, म्हणजे बॅटरीच्या किंवा सोलरच्या वायरिंगमध्ये, ही भानगड नाही. तेथे सरळ बेरीज बरोबर येते.

आता काय करावे. आपल्या माहितीत एक रीडिंग नाही आणि सगळा निर्णय त्यावर अडला आहे: बटण दाबलेले असताना मीटरपाशी किती व्होल्ट राहतात? दोन माणसे लागतील, एक घरी आणि एक विहिरीवर, फोन चालू ठेवून. बटण दोन-तीन सेकंदांहून जास्त दाबून धरू नये, कारण थांबलेली मोटर त्या वेळी नुसती तापत असते. दोन प्रयत्नांमध्ये तिला निवायला वेळ द्यावा. त्याच क्षणी टाँग टेस्टरने करंट घ्यावा. आकडा पकडून ठेवणारे बटण असलेला टेस्टर मिळाला तर उत्तम.

मीटरपाशीच आकडा २२८ वरून १९० वर आला, तर आपल्या शेतातल्या केबलआधीही एकसर साखळीत कोणीतरी बसले आहे. खांबावरून घरी येणारी सर्व्हिस वायर, खांबावरचा जोड, लांबलचक लघुदाब लाइन किंवा लहान डीपी (ट्रान्सफॉर्मर) यांपैकी काहीही असू शकते आणि त्यासाठी वीज कंपनीकडे तक्रार करावी लागेल. तेथे स्वतः हात घालू नये. मीटरपाशी २२० च्या आसपास टिकले आणि पॅनेलवर १५० झाले, तर ७० व्होल्ट आपल्या हद्दीत पडत आहेत. या फरकाला करंटने भागा. करंट २६ आला तर उत्तर २.७ येते, तांब्याच्या हिशेबाच्या २.९ शी ते जवळपास जुळते, म्हणजे जोड ठीक आहेत आणि केबलच बारीक आहे. याउलट फरक १०० व्होल्ट आणि करंट २० अँपिअर आला, तर फेरीचा रोध ५ ओहम निघतो. त्यातले २.९ तांब्याचे वजा केले की उरलेले दोन ओहम कुठल्या तरी जोडात, फ्यूजमध्ये किंवा स्विचच्या पात्यात दडलेले आहेत आणि केबल बदलण्याआधी ते शोधायला हवेत. एसीचा खुलासा वर केला असल्याने हा भागाकार ढोबळ आहे, पण २.९ आणि ५ यांतला फरक ओळखण्यास तो पुरेसा आहे.

दडलेला जोड शोधण्याची रीतही याच नियमातून येते. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये मोजत बसण्याऐवजी ज्या तुकड्याचा संशय आहे त्याच्याच दोन टोकांना मीटर लावावा: फ्यूजच्या अलीकडे आणि पलीकडे, स्विचच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या टर्मिनलवर, जोडाच्या दोन्ही बाजूंना. मोटरचा करंट वाहत असताना चांगल्या संपर्कावर फार तर दशांश व्होल्टमध्ये आकडा दिसतो. तेथे पाच, दहा, वीस व्होल्ट दिसले की चोर सापडला. मीटरच्या टोकांना मगरचिमटे लावावेत आणि ते पुरवठा बंद करूनच जोडावेत. मग हात दूर ठेवून पुरवठा चालू करावा. विहिरीकाठची ओली जमीन आणि उघडे पाय असताना चालू पॅनेलमध्ये प्रोब धरणे हा धोका कोणत्याही रीडिंगसाठी पत्करू नये. ज्यांना या कामाची सवय नाही त्यांनी हे परवानाधारक वायरमनकडून समोर उभे राहून करवून घ्यावे.

पुष्कळदा मीटर लावण्याआधीच जोड स्वतःला दाखवतो. मोटर चालू राहते अशा वायरिंगमध्ये ९ अँपिअरला एक ओहमचा जोड ९ व्होल्ट खातो आणि ८१ वॅट उष्णता सोडतो, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्तीच्या सोल्डरिंग आयर्नला २५ वॅट पुरतात. अशा जोडावरची टेप चकाकी सोडून कडक होते, तिच्या कडेने काळपट चिकट द्रव आलेला असतो, आणि टेप सोलली की आतले तांबे लालसर दिसण्याऐवजी करड्या-काळ्या पापुद्र्याचे निघते. तांब्याच्या तारेला ॲल्युमिनिअमची तार नुसती पिळून केलेला जोड असेल तर त्याची वाट बघायचीही गरज नाही. ॲल्युमिनिअमवर चढणारा ऑक्साइडचा थर वीज अडवतो, त्यात पावसाचे पाणी मुरते, आणि दरवर्षी त्या जोडाचा वाटा वाढत जातो.

केबलच बारीक ठरली, तर किती जाड घ्यावी? ४ चौरस मिलिमीटर तांब्याने वरच्याच हिशेबात सुरू होतानाचा दाब सुमारे १७४ होतो आणि पीळ ५८ टक्के; ६ चौरस मिलिमीटरने १८९ आणि ६९ टक्के; १० ने २०४ आणि ८० टक्के. चालू स्थितीत ९ अँपिअरला २.५ च्या तारेत २६ व्होल्ट पडत असतील तर ६ च्या तारेत ११ पेक्षा कमी पडतील, म्हणजे मोटर कमी तापेल आणि तारेतच जळून जाणारी वीजही वाचेल. १८० मीटरला मी ६ पेक्षा कमी सुचवणार नाही. तांब्याचा खर्च परवडत नसेल तर १० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनिअमच्या आर्मर्ड केबलचा रोध ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या जवळपास असतो आणि शेतात जमिनीखालून न्यायला तीच सोयीची पडते. फक्त दोन्ही टोकांना योग्य लग (तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या) दाबून क्रिम्प करून घ्यावेत, पिळे मारू नयेत.

लोक जे सोपे उपाय सुचवतात त्यांतले तीन टाळावेत. पहिला, विहिरीवर स्टॅबिलायझर. तो दाब फुकट वाढवत नाही. १८० चे २३० करून मोटरला ९ अँपिअर देताना तो तारेतून साडेअकरा ओढतो, तारेतला वाटा आणखी वाढतो आणि त्याचे स्वतःचे रिले खटखटत राहतात. दुसरा, मोठा कॅपॅसिटर. स्टार्ट कॅपॅसिटर उतरला असेल तर छापील मूल्याचा नवा घालावा, हे योग्यच आहे. पण जोर यावा म्हणून मनाने मोठा घातला तर वेटोळे तापून मोटर खरोखरच जाते. तिसरा उपाय सर्वांत वाईट, तो म्हणजे परतीची तार नको म्हणून विहिरीवर रॉड ठोकून जमिनीलाच न्यूट्रल करणे. रॉडचा रोध वीस ओहम असला तरी तो एकसर साखळीत मोटरहूनही मोठा वाटेकरी होतो. दाबाचा मोठा भाग त्या रॉडभोवतीच्या मातीत उतरतो, आणि ओल्या मातीवर उभे असलेले जनावर त्या दाबाच्या कक्षेत सापडते. हे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय जीवघेणे आहे.

विषय निघालाच आहे म्हणून याच नियमाचे एक रूप सांगतो, कारण ते घरात घडते. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल मागे कुठेतरी तुटला, तर वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे आपोआप एकमेकांशी एकसर होतात आणि दोघांना मिळून ४०० व्होल्ट मिळतात. एका घरात १,००० वॅटचा हीटर म्हणजे ५३ ओहम आणि दुसऱ्या घरात १०० वॅटचे दिवे म्हणजे ५२९ ओहम असतील, तर हीटरवाल्याला ३६ व्होल्ट येतात आणि ज्याने काटकसरीने एकच दिवा लावला आहे त्याला ३६४. एका घरी दिवे मंद आणि शेजारी टीव्ही जळाला, असे कानावर आले की आधी मेन बंद करावा आणि मग चौकशी करावी.

आता आपल्या मोटरकडे. मीटरपाशी आणि पॅनेलवर एकाच क्षणी रीडिंग घेऊन, जोड तपासून, गरज पडल्यास तात्पुरती जाड केबल टाकून पाहिल्यावरही पॅनेलवर बटण दाबलेले असताना १९० च्या आसपास दाब टिकत असेल, कॅपॅसिटरचे मोजलेले मूल्य छापील मूल्याशी जुळत असेल आणि तरीही मोटर नुसती गुरगुरत असेल, तर वेटोळ्यांचा रोध आणि मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन तपासून घ्यावे. ते ठीक निघाले तर पंप अडकला आहे. ठीक निघाले नाहीत तर वायरमन म्हणतो ते बरोबर आहे आणि मोटर वर काढावीच लागेल.